आरोग्यविमा : देशोदेशींच्या पद्धती आणि धाराशिव जिल्हा

आजारपणाचा खर्च प्रत्येक कुटुंबाने एकट्याने सोसायचा की समाजाने मिळून वाटून घ्यायचा, हा प्रश्न औद्योगिक क्रांतीनंतर जवळजवळ प्रत्येक देशापुढे उभा राहिला. त्याची उत्तरे देशादेशांत वेगवेगळी आली. कोणी कामगारांच्या पगारातून वर्गणी कापली, कोणी करातून रुग्णालये चालविली, तर कोणी हा विषय बराचसा बाजारावर सोपविला. भारतात या सर्व पद्धतींचे अंश एकाच वेळी नांदताना दिसतात. त्यामुळे ‘आरोग्यविमा’ हा एकच शब्द मुंबईतील नोकरदार आणि मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी यांच्यासाठी अगदी भिन्न अर्थाचा ठरतो.

हा फरक समजून घेण्यासाठी धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, हा जिल्हा उपयुक्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तिच्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. पाऊस बेभरवशाचा, शेती मुख्यतः कोरडवाहू आणि मोठे उद्योग थोडे, अशी येथील स्थिती आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम यांच्याबरोबर या जिल्ह्याचा समावेश झाला. आरोग्यविम्याची कोणतीही पद्धत कागदावर कितीही चांगली दिसली, तरी अशा जिल्ह्यात ती कशी चालते यावरच तिचे मोल ठरते.

तीन मूलभूत प्रश्न

कोणत्याही देशाची व्यवस्था तपासताना तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, पैसा कोण भरतो? दुसरा, तो पैसा एका निधीत जमा होतो की अनेक निधींत विभागला जातो? तिसरा, त्या पैशातून डॉक्टरांना आणि रुग्णालयांना कशासाठी व कोणत्या हिशेबाने मोबदला दिला जातो? सार्वजनिक चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नाभोवतीच घुटमळते. रुग्णाच्या अनुभवावर मात्र तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा परिणाम सर्वांत अधिक होतो.

जर्मनी : पगारातून वर्गणी

आधुनिक आरोग्यविम्याचा पाया जर्मनीत घातला गेला. चान्सलर बिस्मार्क यांच्या कारकिर्दीत १८८३ मध्ये कामगारांसाठी सक्तीच्या आजारविम्याचा कायदा झाला. त्या वेळी वर्गणीचा दोन तृतीयांश भाग कामगार आणि एक तृतीयांश भाग मालक भरत असे. आता ही वर्गणी दोघे निम्मी-निम्मी भरतात. तिचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के असून त्यावर प्रत्येक विमा निधी स्वतःची जादा वर्गणी आकारतो. न कमावणारी पत्नी वा पती आणि मुले यांना वेगळा हप्ता भरावा लागत नाही.

सुमारे नव्वद टक्के जर्मन नागरिक अशा सार्वजनिक निधींत आहेत. हे निधी अनेक असले, तरी २००९ पासून सर्वांची वर्गणी एका मध्यवर्ती आरोग्य निधीत जमा होते आणि सभासदांचे वय व आजार पाहून तिचे वाटप होते. त्यामुळे केवळ तरुण, धडधाकट सभासद गोळा करण्याचा मोह निधींना उरत नाही. या पद्धतीचा आधार एकच : नियमित पगार आणि तो देणारा मालक. जेथे बहुसंख्य लोकांना पगाराची चिठ्ठीच मिळत नाही, तेथे ही पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही.

ब्रिटन व कॅनडा : करातून निधी

ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर निराळा मार्ग धरला. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. खर्च मुख्यतः करातून, बहुतेक रुग्णालये सरकारी आणि उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे न घेणे, ही तिची तत्त्वे आहेत. प्रत्येक नागरिक घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवितो आणि तातडीचा प्रसंग नसेल, तर त्या डॉक्टरच्या शिफारशीनेच विशेषज्ञाकडे जातो. नोंदविलेल्या माणसांच्या संख्येवर डॉक्टरला दरडोई रक्कम मिळते. या सेवेचा मोठा दोष म्हणजे प्रतीक्षा. गेल्या काही वर्षांत इंग्लंडमधील प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या पुढे गेली.

कॅनडात निधी सरकारी, पण डॉक्टर आणि रुग्णालये बहुतांशी सरकारी नोकरीबाहेरची अशी रचना आहे. सस्कॅचेवान या शेतीप्रधान प्रांताने टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली १९४७ मध्ये रुग्णालयीन उपचारांचा सार्वजनिक विमा सुरू केला. १९६२ मध्ये डॉक्टरांच्या सेवेचाही त्यात समावेश झाला. पुढे हीच पद्धत देशभर पसरली आणि १९८४ च्या कायद्याने तिला आजचे स्वरूप आले. रुग्णालयाबाहेर घ्यावयाची औषधे आणि दंतोपचार मात्र मूळ योजनेत नव्हते. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न अलीकडे सुरू झाले आहेत.

जपान, स्वित्झर्लंड आणि अमेरिका

जपानने नोकरदार आणि शेतकरी यांच्यासाठी दोन स्वतंत्र वाटा काढल्या. कामगारांच्या विम्याचा कायदा १९२२ मध्ये, तर शेतकरी, मच्छीमार व स्वयंरोजगार करणारे यांच्यासाठीचा कायदा १९३८ मध्ये झाला. ही दुसरी योजना गावपातळीवरील संस्थांमार्फत चालली, पुढे नगरपालिका व ग्रामपालिका तिच्या चालक झाल्या आणि सरकारने तिला अनुदान दिले. १९६१ पर्यंत प्रत्येक नागरिक कोणत्या ना कोणत्या विम्यात आला. सर्वसाधारणपणे बिलाचा ३० टक्के वाटा रुग्ण भरतो. वृद्ध आणि लहान मुलांना सवलत असते, तसेच महिन्याच्या एकूण खर्चावर मर्यादा असते. उपचारांचे दर देशभर एकच असून सरकार ते ठराविक काळाने ठरविते.

स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येकाला मूलभूत विमा विकत घ्यावाच लागतो. विमा कंपन्या खासगी असल्या, तरी मूलभूत विम्यावर त्यांना नफा मिळविता येत नाही आणि आजारी माणसाला नकारही देता येत नाही. ज्यांना हप्ता झेपत नाही, त्यांना सरकार अनुदान देते.

अमेरिकेत जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचा विमा नोकरीशी जोडलेला आहे. वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजना १९६५ मध्ये आल्या. २०१० च्या कायद्याने विम्याबाहेरील लोकांची संख्या बरीच घटली, तरी २०२३ मध्ये सुमारे अडीच कोटींहून अधिक लोक विम्यावाचून होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ ते १८ टक्के इतका खर्च आरोग्यावर करूनही ही स्थिती आहे. भरपूर पैसा खर्च झाला म्हणजे सर्वांना संरक्षण मिळतेच असे नाही, हे त्यावरून दिसते.

थायलंड : आधी रुग्णालये, मग कार्ड

भारतासारख्या देशाला अधिक जवळचा वाटावा असा दाखला थायलंडचा आहे. तेथे २००२ मध्ये सार्वत्रिक योजना सुरू झाली. प्रत्येक भेटीसाठी फक्त ३० बाट आकारले जात, म्हणून ती ‘तीस बाटची योजना’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सरकारी नोकर आणि संघटित कामगार यांच्या योजना वेगळ्या असल्यामुळे उरलेली सुमारे तीन चतुर्थांश लोकसंख्या या योजनेत आली. पैसा करातून येतो. बाह्यरुग्ण सेवेसाठी प्रत्येक नोंदणीकृत व्यक्तीमागे ठरावीक रक्कम मिळते, तर दाखल रुग्णांसाठी एकूण खर्चाची मर्यादा आधीच ठरलेली असते. प्रथम नेमून दिलेल्या जवळच्या केंद्रात जावे आणि तेथून गरजेप्रमाणे मोठ्या रुग्णालयात पाठविले जावे, असा नियम आहे.

या यशामागे एक पूर्वतयारी होती. १९७० च्या दशकापासून नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सक्तीने काम करावे लागे आणि पुढील दशकात जिल्हा व तालुका पातळीवरील रुग्णालयांना अंदाजपत्रकात प्राधान्य मिळाले. योजना आली, तेव्हा तिच्या कार्डावर उपचार देणारी रुग्णालये आधीच उभी होती.

भारताची संमिश्र वाटचाल

भोर समितीने १९४६ च्या अहवालात ब्रिटनसारखीच, पैसे देण्याची ऐपत न पाहता सर्वांना सेवा देणारी व्यवस्था सुचविली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रे ही त्याच विचारातून आली. परंतु त्यांना पुरेसा पैसा कधीच मिळाला नाही. दुसरीकडे जर्मन पद्धतीचा अंश १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आला. सध्या त्यात मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये स्वतंत्र योजना झाली, तर १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ पॉलिसी बाजारात आणली.

या प्रत्येक वाटेत धाराशिवमधील शेतकरी आणि शेतमजूर बाहेरच राहिला. त्याला मालक नाही, पगार नाही आणि दुष्काळी वर्षात हप्ता भरण्याची ताकदही नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे सरकारने करातून त्याचा हप्ता भरणे. शेजारच्या राज्यांनी हा प्रयोग निरनिराळ्या प्रकारे केला. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी २००३ मध्ये ‘यशस्विनी’ योजना सुरू झाली. आंध्र प्रदेशात २००७ मध्ये ‘आरोग्यश्री’ आली. केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ मध्ये आली. तिची मर्यादा प्रतिकुटुंब वर्षाला ३० हजार रुपये होती. २०१८ मध्ये तिची जागा पाच लाखांच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने घेतली. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, या योजनेत घेण्यात आले.

महाराष्ट्राची योजना

महाराष्ट्रात १९९७ पासून मोजक्या गंभीर आजारांसाठी ‘जीवनदायी’ योजना होती. तिचे विस्तारित रूप म्हणजे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचे सोलापूर होते, उस्मानाबाद नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाल्यावर या जिल्ह्याला तिचा लाभ मिळू लागला. पिवळी आणि केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ९७२ उपचार त्यात होते. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मर्यादा अडीच लाखांची होती.

पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांनाही योजनेत घेण्यात आले. या यादीत मराठवाड्यातील आठही जिल्हे, म्हणजे उस्मानाबादही आहे. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर दाखविणारी शिधापत्रिका शेतकऱ्याच्या स्थैर्याचा पुरावा ठरत नाही, याची ही सरकारी कबुलीच म्हणावी लागेल. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या योजनेशी जोडली गेली. त्या वेळी दीड लाखापर्यंतच्या दाव्यांसाठी राज्य सरकार विमा कंपनीला प्रतिकुटुंब वार्षिक ७९७ रुपये हप्ता देत होते, तर केंद्रीय योजनेतील कुटुंबांचा त्यापुढील पाच लाखांपर्यंतचा खर्च राज्य आरोग्य हमी सोसायटीमार्फत थेट भागविला जात होता. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांसाठी पाच लाखांची मर्यादा ठरली आणि १ जुलै २०२४ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली.

वर सांगितलेल्या तीन प्रश्नांच्या कसोटीवर ही योजना पाहिली, तर तिचे संमिश्र रूप स्पष्ट होते. पैसा ब्रिटन-कॅनडाप्रमाणे करातून येतो. सेवा सरकारी आणि खासगी अशा दोन्ही ‘अंगीकृत’ रुग्णालयांतून मिळते. मोबदला प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वा उपचाराच्या ठरावीक पॅकेजप्रमाणे दिला जातो. रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांत मदत करतो, उपचारापूर्वी मान्यता घेतली जाते आणि सुटी मिळाल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे पॅकेजातच धरली जातात. योजनेच्या चौकशीसाठी १५५३८८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

धाराशिवमधील चित्र

योजनेचे कार्ड सर्वत्र सारखेच असले, तरी त्याचे मोल जवळच्या रुग्णालयावर अवलंबून असते. परंडा व भूम भागातील रुग्ण बार्शीकडे, कळंबचे लातूर किंवा अंबाजोगाईकडे, तर तुळजापूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातील सोलापूर वा लातूरकडे जातात. हृदयविकार, मेंदूवरील शस्त्रक्रिया, कर्करोग अशा आजारांसाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची ही रीत जुनी आहे. उपचार निःशुल्क झाला, तरी गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा समावेश कोणत्याही पॅकेजात नसतो. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२२ मध्ये. त्याचा पूर्ण विस्तार झाल्यावर हे अंतर काहीसे कमी होईल, अशी अपेक्षा आहे.

दुसरी मर्यादा बाह्यरुग्ण सेवेची. मधुमेह, रक्तदाब, दमा या आजारांत रुग्णाला दाखल व्हावे लागत नाही. त्याला दर महिन्याला औषधे घ्यावी लागतात. जन आरोग्य योजनेत हा खर्च येत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत केसपेपरसह सर्व सेवा निःशुल्क केल्या, हे त्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल होते. पण औषधांचा साठा आणि डॉक्टर उपलब्ध असतील, तरच त्याचा उपयोग. औषध केंद्रात नसेल, तर रुग्ण दुकानाकडे वळतो आणि पैसे स्वतःच्या खिशातून देतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे. तरीही उरलेला बोजा हलका नाही, आणि त्याचा मोठा भाग औषधे व दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा असतो.

जिल्ह्याने जगाला दिलेला पुरावा

विमा कोणत्या गोष्टीसाठी पैसे देतो, या प्रश्नाचे महत्त्व सांगणारे एक मोठे संशोधन याच जिल्ह्यात झाले, ही बाब फारशी चर्चिली जात नाही. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांच्या ५२ गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांचा अभ्यास केला. ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी आणि दोष आढळल्यास वेळीच उपचार एवढ्यानेच या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांना चाचणी न देण्यावरून पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. मात्र त्या निष्कर्षाचा उपयोग जगभरच्या धोरणांत झाला.

पॅकेजवर आधारलेला विमा कर्करोग झाल्यानंतरच्या शस्त्रक्रियेचे, किरणोपचाराचे आणि केमोथेरपीचे पैसे देतो. तो होऊ नये म्हणून गावात जाऊन करावयाच्या चाचणीचे पैसे देण्याची सोय त्याच्या रचनेतच नाही. ते काम आरोग्य केंद्रे, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांचे, आणि त्यासाठीचा पैसा अंदाजपत्रकातील वेगळ्या शीर्षाखाली येतो. दाव्यांची रक्कम वाढत गेली आणि हे शीर्ष कोरडे राहिले, तर विमा यशस्वी दिसेल, पण रुग्णांची संख्या घटणार नाही.

या जिल्ह्याला प्राथमिक सेवेची परंपरा नाही असे नव्हे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि सहकाऱ्यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा तालुक्यातील सास्तूर येथे स्पर्श ग्रामीण रुग्णालय आकाराला आले. घराजवळची सेवा किती उपयोगी पडते, हे या कामांनी दाखवून दिले.

शहरी वाचकासाठी

शहरातील मध्यमवर्गाचे संरक्षण मुख्यतः कंपनीच्या सामूहिक विम्यावर वा स्वतः घेतलेल्या पॉलिसीवर असते. या क्षेत्रात अलीकडे काही बदल झाले आहेत. एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घेण्यासाठी ६५ वर्षांच्या वयोमर्यादेचा दंडक उरला नाही, तसेच आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. तरीही स्वित्झर्लंडप्रमाणे ‘प्रत्येकाला विमा, नकार कोणालाच नाही’ अशी हमी येथे नाही. वाढत्या वयाबरोबर हप्ता वाढत जातो आणि नोकरी सुटली की सामूहिक विमाही बहुधा सुटतो. त्यामुळे सार्वजनिक व्यवस्थेची गरज केवळ खेड्याला आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल.

निष्कर्ष

जर्मनीची पद्धत पगारावर, ब्रिटनची करावर आणि अमेरिकेची बरीचशी नोकरीवर उभी आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात पगार आणि नोकरी हे दोन्ही आधार दुबळे असल्याने करातून आलेला पैसा हाच तेथील आरोग्यविम्याचा कणा राहणार, हे उघड आहे. पाच लाखांची मर्यादा ठरवून महाराष्ट्राने ‘पैसा कोण भरणार’ या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी दिले आहे. ‘कशासाठी आणि कोठे’ या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून अपुरे आहे. नेहमीच्या आजारांची औषधे, वेळेवर होणाऱ्या चाचण्या आणि तालुक्याच्या ठिकाणी सुसज्ज रुग्णालय या तीन गोष्टींवर पुढील काळात किती खर्च होतो, यावरून या योजनेचे खरे मूल्यमापन होईल. थायलंडने रुग्णालये आधी बांधली आणि कार्डे नंतर वाटली. महाराष्ट्रात कार्डे आधी आली आहेत. उरलेले काम त्यामुळे अधिक निकडीचे झाले आहे.